भोकरे सरांची नजर

केतकीचा फोन आला तेव्हा उज्ज्वला भोकरे जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत बसली होती. फोन तिनं कानाशी न धरता समोरच्या डब्याला टेकवून ठेवला, कारण लेकीचं लग्न ठरल्यापासून एकेक फोन अर्धा अर्धा तास चालायचा.

"आई, हॉलच्या दारात तुझं चित्र लावायचं ठरलंय," केतकी म्हणाली.

"माझं? अगं, लग्न तुझं आणि चित्र माझं? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तुझं म्हणजे, बाबांच्या नजरेतलं तुझं. निहारच्या आईचंही लावणार आहेत, त्याच्या बाबांच्या नजरेतलं. आमच्याच ॲपवर काढायचं. तूच नाही का शिंद्यांच्या लग्नात बघून आलीस?"

"आले की. शिंदेवहिनी त्यात इतक्या गोड दिसत होत्या की मी आधी ओळखलंच नाही."

"तेच तर! शिंदेकाकांना त्या तशा दिसतात."

उज्ज्वलाचा हात मेथीत थबकला. तोंडानं ती "कसली बाई एकेक फॅडं" म्हणाली खरी, पण फोन ठेवल्यावर उठून आधी आरशात बघून आली. मेथी तशीच राहिली.

तिचा नवरा, जयवंत भोकरे, मिरजेतल्या एका शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवून निवृत्त झालेला. पण गावात नाव होतं ते त्याच्या रांगोळीचं. चिमटीतून रंग सोडत सर जमिनीवर माणूस उभा करायचे. डोळ्यातलं पाणीसुद्धा रांगोळीचं आहे हे लोकांना वाकून बघितल्याशिवाय पटायचं नाही. गवई झाले, शाळेचे संस्थापक झाले, कुणाकुणाचे पंचाहत्तरीचे आजोबा झाले. एक उज्ज्वला तेवढी राहिली. तिनं एकदा लाडात येऊन विचारलं होतं, तर म्हणाले, "रांगोळी दुसऱ्या दिवशी झाडावी लागते. तुझा चेहरा झाडायला मला जमायचं नाही." या एका वाक्यावर बाईनं कितीतरी वर्षं काढली. पण मन कधीकधी कुरकुर करायचंच, की ही आपली सबब तर नसेल? आता तर वर्षभर सरांनी रांगोळीला हातच लावला नव्हता. गुडघे धरलेत म्हणायचे. रोज संध्याकाळी तेल कोमट करून उज्ज्वला त्यांचे गुडघे चोळून द्यायची.

आता या ॲपबद्दल थोडं सांगायला हवं. सेल्फीचं तैलचित्र करून देणारी ॲपं पूर्वीही होती. फोटो टाकला की जो तो राजा आणि जी ती महाराणी. गाल गुळगुळीत, डोळे टपोरे, मागं ढगाळ आभाळ. लोकांनी हौसेनं हजारो चित्रं काढली आणि मग ते कंटाळले, कारण सगळ्यांची सारखीच यायला लागली. अशात पुण्यातल्या एका लहानशा कंपनीनं 'नजरचित्र' काढलं. केतकी तिथंच कामाला होती.

आपल्याला वाटतं, समोरचा चेहरा आपण अख्खा बघतो. तसं काही नसतं. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर मधोमध मोहरीच्या दाण्याएवढी एक जागा असते. बारीक आणि रेखीव दिसतं ते तेवढ्याच जागेतून, बाकीच्या पडद्याचा सगळा अंदाजपंचे कारभार. म्हणून डोळा एका ठिकाणी ठरत नाही. या डोळ्यावरून त्या डोळ्यावर, तिथून ओठांवर अशा भराभर उड्या मारतो आणि मेंदू ते तुकडे जोडून चेहरा तयार करतो. कोण कुठं किती रेंगाळतं हे ज्याचं त्याचं वेगळं. आईची नजर लेकराच्या तोंडावर जिथं थांबते तिथं शेजारणीची थांबत नाही. आणि आवडतं माणूस दिसलं की डोळ्यातली बाहुली जराशी रुंदावते, ते काही कुणाच्या हातात नसतं. फोनच्या कॅमेऱ्याला हे सगळं टिपता येऊ लागलं होतं. दोघांनी मिळून सेल्फी घ्यायचा, पडद्यावर एकमेकांकडे बघायचं. नजर जिथं रेंगाळली तिथं ॲपचा कुंचला बारीक काम करायचा, जिथून घसरली तिथं नुसतं धुकं ठेवायचा, आणि बाहुली रुंदावली की तिथं उजेड सांडायचा.

लोकांनी ते डोक्यावर घेतलं. भांडणंही झाली म्हणा. कराडला म्हणे एक साखरपुडा मोडला, कारण मुलाच्या नजरेतल्या मुलीचं तोंड धुकट आणि गळ्यातला हार मात्र कडीन् कडी रेखीव आला होता. पण फसवता येत नाही म्हणूनच लोकांना त्याचं अप्रूप होतं.

रविवारी सकाळी उज्ज्वलानं मोरपंखी साडी नेसली, सरांना जबरदस्तीनं झब्बा घालायला लावला आणि बैठकीच्या खोलीत उभं केलं.

"इथंच कशाला? गॅलरीत उजेड चांगला आहे," सर म्हणाले.

"इथंच. ताई पण येऊ देत चित्रात. त्यांच्या लेकीचं लग्न आहे."

ताई म्हणजे नलिनी, सरांची पहिली बायको. केतकी अगदी तान्ही असताना ती गेली. उज्ज्वला या घरात आली तेव्हा केतकी चार वर्षांची होती. पहिल्याच दिवशी भिंतीकडे बोट करून पोरीनं चौकशी केली होती, "ती फोटोतली आई. तू कुठली?" उज्ज्वला म्हणाली, "मी स्वयंपाकघरातली. भूक लागली की माझ्याकडे यायचं." तिथून दोघींचं जे जमलं ते जमलं. नलिनीचा फोटो उज्ज्वलानं कधी हलवला नाही. सणावाराला स्वतःला कुंकू लावायच्या आधी ती फोटोच्या काचेवर लावायची, आणि गोडाचं केलं की पहिली वाटी तिथं ठेवायची. सवत वगैरे शब्द तिच्या तोंडी कधी आला नव्हता.

"आता जोडीदाराकडे बघा," फोन म्हणाला.

सरांनी बघितलं. उज्ज्वलानंही बघितलं. चित्र तयार व्हायला वेळ लागणार होता तेवढ्यात सर झब्बा काढायला आत गेले. उज्ज्वला फोन हातात धरून एकटीच उभी राहिली.

पडद्यावर हळूहळू रंग उतरायला लागले. मोरपंखी साडी आली, पण पाण्यात बुडाल्यासारखी. साडीच्या वर चेहरा यायला हवा होता, तिथं एक गव्हाळ डाग आला आणि तसाच राहिला. ना डोळे ना नाक. तिला वाटलं, अजून व्हायचंय. मग त्या डागाच्या उजवीकडे, खांद्याच्या वर, एक चौकट उमटली. तिच्यात नलिनीचा चेहरा उमटला, भुवईचा केस न् केस, नथीचा मोती न् मोती. आणि उजेड तर असा की बघवेना. सगळ्या चित्रातला उजेड त्या चौकटीत सांडला होता.

उज्ज्वला तिथंच खुर्चीवर बसली. तिला रडूसुद्धा आलं नाही. इतकी वर्षं या माणसाला सकाळचा चहा दिला, याच्या आईचं दुखणंखुपणं काढलं, याच्या लेकीच्या वेण्या घातल्या, आणि हा अजून तिकडेच बघतोय. बरं, ताईंवर रागावणार तरी कसं? त्या बिचाऱ्या काही बोलवायला आल्या नव्हत्या. चित्रात घ्या म्हणून आपणच तर म्हणालो!

"कसं आलं?" सरांनी आतून विचारलं.

"नाही आलं. रेंज नाही," ती म्हणाली आणि फोन उशीखाली ठेवून दिला.

त्या संध्याकाळी तिनं तेल कोमट केलं नाही. सर आपले पाय पसरून बसले. जरा वेळानं म्हणाले, "आज तेल नाही का?"

"संपलंय."

तेलाची बाटली त्यांच्या समोरच्या स्टुलावर अर्धी भरलेली होती. सर "बरं" म्हणाले. उज्ज्वलाला वाटलं, भांडण नको म्हणून गप्प बसलेत. त्यानं तिला जास्तच राग आला. अहो, भांडा तरी!

केतकीचा फोन दुसऱ्या दिवशी आला. "आई, चित्र पाठव ना. छापायला द्यायचंय."

"देते गं. केस नीट नव्हते, परत काढते."

"केसांचं काय घेऊन बसलीस? बाबा बघतील ते येणार!"

तेच तर, उज्ज्वला मनात म्हणाली. हॉलच्या दारात ते चित्र लागणार, नलिनीच्या माहेरची माणसं येणार, आणि सगळा गाव बघणार की भोकरे सरांना दुसरी बायको दिसतच नाही. शिवाय केतकीला काय सांगायचं? तुझ्या बाबांना अजून तुझी फोटोतली आईच दिसते, म्हणून? पोरगी खूश होईल की रडेल, तेही कळेना.

शेवटी तिनं मन घट्ट केलं. ताईंचा फोटो नसलेल्या ठिकाणी चित्र काढायचं. जे येईल ते येईल. तिनं सरांना स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं केलं आणि सेल्फी घेतला. या वेळी चित्र तयार होईपर्यंत ती देवाचं नाव घेत राहिली.

पुन्हा तोच गव्हाळ डाग. आणि डागाच्या उजवीकडे, फळीवर, मिक्सर. काय त्या मिक्सरचा थाट! भांड्याच्या झाकणाची चीर, बटणावरचे पुसट झालेले आकडे, वायरचा पीळ, सगळं प्रेमानं रंगवलेलं, आणि वरून सोन्यासारखा उजेड.

उज्ज्वला बघतच राहिली. मग तिला फस्सकन हसू फुटलं. ताईंचं एक वेळ समजू शकते मी, पण मिक्सर?

हसू ओसरल्यावर मात्र तिचं डोकं चालायला लागलं. दुपारी तिनं सरांना गॅलरीत बोलावून तिसरा सेल्फी घेतला. या खेपेला मान मिळाला समोरच्या जाधवांच्या वाळत घातलेल्या चादरीला. चादरीवरचं फूल न् फूल उजळलं होतं. उज्ज्वलानं तिन्ही चित्रं एकाखाली एक लावून बघितली. फोटो, मिक्सर, चादर. तिन्ही उजवीकडे, तिन्ही जरा वर, तिन्ही तिच्या चेहऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर.

सर छाप्याची रांगोळी कधी काढायचे नाहीत, त्यांना ती चोरी वाटायची. पण उज्ज्वला रोज उंबऱ्याबाहेर छापाच उठवायची. छापा हातून सरकला तर काय होतं हे तिला पक्कं माहीत होतं. कमळ मोडत नाही, पाकळी हरवत नाही, अख्खं कमळ आहे तसं बाजूला जाऊन बसतं. तिनं परत मिक्सर बघितला. त्याच्यावर सांडलेलं सगळं कौतुक, सगळा उजेड... हे मिक्सरचं नसेलच तर? हे दुसऱ्या कुणाचं असेल आणि नुसतं सरकलं असेल तर?

आणि मग तिला तेलाची बाटली आठवली. समोरच्या स्टुलावर होती. सर "बरं" म्हणाले होते. म्हणजे ती बाटली त्यांना दिसलीच नव्हती?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं एक खुळेपणा केला. डब्यातली मोठी, लालभडक टिकली काढली आणि कपाळाऐवजी नाकाच्या शेंड्यावर चिकटवली. तशी ती चहाचे कप घेऊन सरांच्या समोर स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या टेबलाशी बसली.

सर तिच्याकडे बघत होते. अगदी सरळ. "चहाची पावडर संपत आलीय, आणायला हवी," ते म्हणाले.

"हं," उज्ज्वला म्हणाली. एरवी टिकली लावायची राहिली तर "कपाळ का मोकळं?" म्हणून टोकणारा हा माणूस.

सरांनी चहा घेतला. मग कप ठेवता ठेवता त्यांची नजर तिच्यावरून सरकली आणि फळीवरच्या मिक्सरवर जाऊन थांबली. तिथंच थांबली. मिक्सरकडे बघत सर म्हणाले, "अगं, नाकावर काय लावलंयस? टिकली? हे काय सोंग सकाळी सकाळी?"

उज्ज्वलानं कप खाली ठेवला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुम्ही मिक्सरकडे बघताय."

सरांनी मान खाली घातली. वर्गात कॉपी करताना धरलेल्या पोरासारखं त्यांचं तोंड झालं.

"कधीपासून?" उज्ज्वलानं विचारलं.

"शाळेच्या गॅदरिंगची रांगोळी आठवते? सरळ रेघ ओढली, ती मला वाकडी दिसली. झाडून परत ओढली. परत वाकडी. पोरं म्हणाली, सर, सरळच आहे की. मग हळूहळू मधोमध डाग यायला लागला. ज्याच्याकडे बघायला जावं तेच पुसलं जातं."

"आणि गुडघे?"

सर रिकामा कप हातात फिरवायला लागले.

"अहो, मी गुडघ्यांचं विचारतेय."

"गुडघ्यांना काही झालेलं नाही."

"वर्षभर मी तेल चोळलं!"

"बरं वाटायचं," सर बारीक आवाजात म्हणाले.

उज्ज्वलानं खांद्यावरचा पंचा त्यांना फेकून मारला. मग तीच उठून गेली, तोच पंचा उचलला आणि त्यात तोंड खुपसून रडली. सरांनी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मला सांगायचं नाही होय? मी काय परकी?"

"काय सांगू? गाव म्हणेल भोकरे सर आंधळे झाले, ते म्हणू दे. पण तुला कळलं असतं तर तू रोज माझ्यासमोर रडवेलं तोंड करून बसली असतीस. आणि पुढं काहीच दिसेनासं झालं तर मला तेच तोंड लक्षात राहिलं असतं. म्हटलं, कडेकडेनं का होईना दिसतंय तोवर हसरं बघून घ्यावं."

"मग त्या सेल्फीत..."

"तुझ्याकडेच बघत होतो की! तुझ्याकडे बघायचं म्हणूनच तर बाजूला बघावं लागतं."

उज्ज्वलाच्या नाकावर टिकली अजून तशीच होती. सरांनी चाचपत ती काढली आणि अंदाजानं तिच्या कपाळावर लावली. जरा तिरकी लागली. तिनं दिवसभर ती तशीच ठेवली.

त्याच दुपारी ती त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण खडसावायला कमी नव्हत्या. पडद्यावरची ती मोहरीएवढी जागा दोन्ही डोळ्यांत बिघडली होती. वयाबरोबर काहींना होतं असं. मधली जागा गेली की माणसाचा मेंदू गुपचूप दुसरी सोय करतो. पडद्याच्या कडेला एखादी बरी जागा शोधतो आणि तिच्यावर चेहरा पडावा म्हणून डोळा बाजूला वळवायला शिकतो. बऱ्याचदा माणसाला स्वतःलाही ते धड उमगत नाही. ॲपला बिचाऱ्याला यातलं काय कळणार? सगळ्यांना दिसतं ते मधल्या जागेतूनच, एवढं धरून ते चाललं होतं.

"उजव्या डोळ्यातलं गेलंय ते परत येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डाव्यात अजून धुगधुगी आहे. इंजेक्शनं घेतली तर आहे ते टिकेल, थोडं सुधारेलही. अजून काही महिने लपवलं असतंत तर तेही गेलं असतं. कळलं कसं तुम्हाला?"

"मिक्सरवरून," उज्ज्वला म्हणाली. डॉक्टरीणबाईंना काही बोध झाला नाही.

इंजेक्शन डोळ्यात द्यायचं म्हटल्यावर सरांचे हातपाय गार पडले. मोठमोठ्या माणसांचे डोळे चिमटीतून उमटवणारा माणूस सुई बघून घाबरला. उज्ज्वला दारापर्यंत त्यांचा हात धरून गेली आणि बाहेर येईपर्यंत दारातच उभी राहिली.

केतकीला फोनवर सांगितलं तर ती शनिवारी थेट मिरजेला येऊन धडकली. आधी वडलांवर ओरडली, मग त्यांच्या गळ्यात पडली, मग आईवर ओरडली, की तीन चित्रं काढूनही मला एक शब्द बोलली नाहीस.

"काय बोलणार होते?" उज्ज्वला म्हणाली. "तुझी आई उजळून आली आणि मी धुक्यात गेले, म्हणून सांगू?"

केतकीनं आईच्या हातातून फोन घेतला. मग तिनं फोनवर वडलांना ठिपके दाखवले. एकेक ठिपका वेगळ्या जागी यायचा, सर त्याच्याकडे बघायचे, आणि नजर किती सरकते ते फोन मोजायचा. माप मिळाल्यावर तिनं पहिलाच, बैठकीच्या खोलीतला सेल्फी परत लावला.

तिघंही पडद्यावर वाकली. उजेड चौकटीतून उतरला आणि अलगद बाजूला सरकत उज्ज्वलाच्या चेहऱ्यावर येऊन बसला. गव्हाळ डागातून एक बाई वर आली. कानामागचे पांढरे केस एकेक करून दिसत होते. डोळ्यांखालची वर्तुळं होती. आणि सगळ्यात जास्त उजेड होता ओठांच्या डाव्या कोपऱ्यात, जिथं हसू यायच्या आधी बारीकशी खळी पडते. ती खळी आपल्याला आहे हे उज्ज्वलाला तोवर माहीतच नव्हतं.

"इतके पिकलेत केस?" ती म्हणाली.

"मला आवडतात," सर म्हणाले.

पण उज्ज्वलाचं लक्ष चित्राच्या कोपऱ्यात गेलं. तिथली चौकट आता काळोखात बुडाली होती. तिला कसंसंच झालं. "केतकी, ताईंना अगदी असं अंधारात नको गं ठेवूस. लग्नाच्या दारात त्या हव्यात."

"मग मी बघते तिच्याकडे," केतकी म्हणाली. तिनं भिंतीवरच्या फोटोसमोर उभं राहून स्वतःच्या नजरेतलं चित्र काढलं. आलं ते बरंचसं धूसर आलं. जी आई तिला आठवतही नव्हती, तिच्या चेहऱ्यावर नजर ठरणार तरी कुठं?

"दे इकडे," उज्ज्वला म्हणाली आणि फोटोसमोर उभी राहिली. जिच्या काचेवर ती वर्षानुवर्षं कुंकू लावत आली तिच्याकडे तिनं नेहमीसारखं बघितलं. आणि नलिनी पडद्यावर अशी उमटली, की आता बोलेल. हनुवटीवरचा तीळ, जरा वर उचललेली डावी भुवई, ओठांतलं दाबलेलं हसू.

"आई अशी दिसायची?" केतकीनं विचारलं.

"अशीच," सर म्हणाले. मग उज्ज्वलाकडे वळून म्हणाले, "तू तर तिला माझ्यापेक्षा जास्त बघितलंयस गं."

हॉलच्या दारात, निहारच्या आईच्या चित्राशेजारी, ही दोन्ही चित्रं लागली. एक सरांच्या नजरेतली उज्ज्वला, एक उज्ज्वलाच्या नजरेतली नलिनी. नलिनीचा भाऊ दुसऱ्या चित्रासमोर बराच वेळ उभा होता. नंतर त्यानं येऊन उज्ज्वलाला वाकून नमस्कार केला. केतकीच्या कंपनीनं तोवर ॲपमध्ये एक सूचना घातली होती, की चित्रातला उजेड सारखा एकाच बाजूला सरकत असेल तर डोळे तपासून घ्या. पहिल्या काही आठवड्यांतच बरीच माणसं दवाखान्यांत पोचली. त्यांतल्या किती बायका आधी नवऱ्याशी अबोला धरून बसल्या होत्या, ते मात्र कुणी विचारलं नाही.

अक्षता पडल्या, जेवणं सुरू झाली. फोटोग्राफरनं वधूच्या आईवडलांना स्टेजवर बोलावलं. हल्लीच्या या पोरांचे हट्ट फार. असे उभे राहा, तसे हसा, जरा जवळ या.

"काका, आता काकूंकडे बघा. मस्त रोमँटिक येऊ द्या!"

खालून पाहुणे हसायला लागले. सरांनी झब्बा नीट केला, मान जरा वळवली आणि डेकोरेशनच्या खांबाकडे एकटक बघायला लागले.

"काका, तिकडे कुठं? काकूंकडे!"

सर हलले नाहीत. खांबाकडे बघता बघता त्यांच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं. उज्ज्वलाच्या गालावर रक्त चढलं. इतक्या माणसांत कुणी असं बघत राहतं का! तिनं लाजून पदर सारखा केला आणि ओठांच्या डाव्या कोपऱ्यात ती खळी पडली.

"काका, प्लीज, काकूंकडे बघा की!" फोटोग्राफर काकुळतीला आला.

"बघतायत ते," उज्ज्वला म्हणाली. "तुम्ही काढा."